झाकण

शिवोलीच्या तिठ्यावर, जिथं पूर्वी पंक्चर काढायचे,
तिथं आता तापास मिळतात.
भिंतीवरचे टायरचे काळे वळ
मुद्दाम तसेच ठेवलेत,
वर पिवळा दिवा.

म्हापशाच्या कोर्टातून आम्ही सरळ इथं आलो,
दोन स्कूटरवर दोघं.
बुधवार होता, मासळीला हरकत नव्हती.
"काहीतरी खाऊया," गोकुळदास म्हणाला.
अकरा महिन्यांत थेट माझ्याशी बोललेलं
त्याचं हे पहिलं वाक्य.
बाकीचं वकिलामार्फत.

मेनू त्यानं हात लांब करून वाचला,
चष्मा घरी राहिलेला. माझाही.
येईल ते खायचं ठरलं.

आधी ऑलिव्ह आले. सात. सम असते तर बरं.
मग बटाटे, वर तांबडी चटणी.
("रव्यात घोळून कापं करायची होती," तो पुटपुटला.)
मग व्हिनेगरात मुरवलेले तारले,
कच्चेच की काय, मी थबकले,
जिभेला लागले तेव्हा कळलं,
हे व्हिनेगर माडाचंच,
मासा शापोऱ्याचा,
नुसते कपडे बदलून आलेला.

हात पुशीत कायतान बाहेर आला, ज्याचं हे दुकान.
बारा वर्षं बोटीवर,
पुढं सहा सान सेबास्तियानला,
जिथं म्हणे लोक उभ्यानंच खातात, उभ्यानंच भांडतात.
"तापा म्हळ्यार धांपणें, बाय.
ग्लासावर ठेवायची बशी, चिलट पडू नये म्हणून.
मग रिकामी बशी बरी दिसत नाही,
तर तिच्यावर एखादा मासा."

धांपणें. झाकण.
गोकुळदासनं पाण्याचा घोट घेतला,
मी पोयीचा तुकडा मोडत बसले.

झाकून ठेवलंय,
आई म्हणायची,
शेवटच्या बसनं येणाऱ्यासाठी
चुलीशेजारी पालथं वाडगं,
त्याखाली विसवणाची एक तुकडी.
एकदा मी ते उचललं होतं,
कडेकडेनं थोडं खाऊन
पुन्हा नीट पालथं घातलं होतं.
रात्री जेवताना तो म्हणाला, मांजर आलं असेल.
आमच्याकडे मांजर नव्हतं.

कोर्टात बोली लागली ती आमच्यात आमचीच.
कुळागर, चार लाख. साडेचार. पाच.
डोंगरावरच्या काजी.
पितळी हंडा त्यानं बाराशेला नेला,
ज्याला तळाशी भोक आहे.
न चालणारं घड्याळ मी दोन हजारांना,
त्याला मिळू नये एवढ्यासाठी.
कारकुनानं सगळं लिहून घेतलं,
मान वर न करता.

आणि आता ही सुंगटं,
लसणीच्या तेलात चडचडत,
मातीच्या वाटीत. पाच.
दोन त्यानं घेतली, दोन मी.
पोयीनं तेल टिपलं, त्याच्या बाजूचं त्यानं,
माझ्या बाजूचं मी.
एक उरलं.

बोली कुणीच लावली नाही.

तेल निवत गेलं, कडेला लसूण करपट, गोड.
वाढणारी पर्पेत आली, केसांत पेन्सिल खोचलेली,
"काढू हे?"
"राहू दे," आम्ही दोघं एकदम.

मग मी माझ्या ग्लासाखालची बशी घेतली
आणि त्या वाटीवर पालथी घातली.
चार लोकांत. शेजारच्या टेबलावरची बाई बघत राहिली.
कोण येणार होतं?
ती बस तर
रूट बंद होऊनही किती वर्षं झाली.

बिल त्यानं दिलं.
मी माझे अर्धे पैसे टेबलावर मोजून ठेवले,
त्यानं ते तसेच पर्पेतला सोडले.

बाहेर अंधारात, हेल्मेट काखेत धरून,
त्यानं माझ्या मागच्या चाकावर अंगठा दाबला.
"हवा कमी आहे," म्हणाला.
मागं वळून दुकानाकडे पाहिलं,
"इथं भरून मिळायची."
मग पुढं काही सुचेना तसा
पुढचं चाकही दाबून बघत राहिला.